‘रेबेका’ : पहिलीच्या घरात आलेली दुसरी

डॅफ्नी द्यू मोरिए यांच्या ‘रेबेका’ या कादंबरीत भूत नाही, मंत्रतंत्र नाही, अमावास्येला आपोआप उघडणारे दार नाही. तरीही रात्री ती वाचताना शेजारच्या खोलीतून कोणी तरी नुकतेच उठून गेले असावे, असे सतत वाटत राहते. 1938 साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मी मूळ इंग्रजीतून वाचली. तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, त्याला कारण आहे. सासरी पाऊल टाकल्या दिवसापासून आपल्या आधीच्या बाईच्या छायेत संसार करावा लागणे म्हणजे काय, हे आपल्या खेड्यापाड्यांतल्या वाचकाला, विशेषतः वाचणाऱ्या बाईला, फार लवकर कळेल अशी माझी खात्री आहे.

1764 साली प्रसिद्ध झालेल्या होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून इंग्रजीत गॉथिक कादंबरीची परंपरा सुरू झाली असे मानतात. जुना किल्ला किंवा हवेली, तिच्यातला बंद ठेवलेला भाग, घराण्याने दडवलेली एखादी गोष्ट आणि या सगळ्यात एकटी सापडलेली तरुण स्त्री, हे या परंपरेचे नेहमीचे साहित्य. ‘रेबेका’त हे सगळे आहे, फक्त काळ मोटारी आणि टेलिफोनचा आहे, आणि भीती तळघरातून येत नाही, ती चहाच्या ट्रेमधून, पत्रे लिहायच्या टेबलावरून आणि जेवणाच्या यादीतून येते.

कथेची सुरुवात सांगण्यास हरकत नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या माँटे कार्लो येथे एका श्रीमंत, वाचाळ बाईची पगारी सोबतीण म्हणून राहणारी एक अनाथ तरुणी हीच कथेची निवेदक आहे. तिथल्या हॉटेलात तिची गाठ मॅक्सिम डी विंटर या तिच्यापेक्षा सुमारे दुप्पट वयाच्या जमीनदाराशी पडते. त्याची पत्नी रेबेका समुद्रात नाव बुडून वारलेली आहे. काही दिवसांतच तो या मुलीला लग्नाचे विचारतो, लग्न घाईघाईत उरकते, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला ती इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील समुद्रकाठच्या त्याच्या ‘मँडर्ली’ या विस्तीर्ण घरात येते. तिथे नोकरचाकर आहेत, कुत्री आहेत, बागा आहेत आणि घराचा कारभार पाहणारी मिसेस डॅनव्हर्स आहे. ही डॅनव्हर्सबाई रेबेकाबरोबर या घरात आलेली आणि तिच्या माघारी इथेच राहिलेली. कादंबरीच्या नावात जी आहे ती एकदाही समोर येत नाही. आणि जी सगळी कथा सांगते, तिचे नाव शेवटपर्यंत कळत नाही. या एका युक्तीत लेखिकेने अर्धे काम साधले आहे.

पुस्तकाचा जन्मही लक्षात घेण्याजोगा आहे. द्यू मोरिए यांचे पती लष्करात होते, आणि त्यांच्या नेमणुकीमुळे 1937 साली त्या इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे राहत होत्या. तिथल्या उन्हाळ्यात त्यांनी धुके, ओलसर झाडी आणि समुद्राचा आवाज असलेली ही कादंबरी लिहायला घेतली. कॉर्नवॉलमधील मेनाबिली नावाचे एक जुने घर त्यांच्या मनात वर्षानुवर्षे बसले होते, आणि मँडर्लीचा बराचसा आकार त्या घरावरून घेतलेला आहे. त्या घरात त्या प्रत्यक्ष राहायला गेल्या 1943 साली, म्हणजे पुस्तक गाजून काही वर्षे लोटल्यावर. पुढे 1969 पर्यंत भाडेकरारावर तिथेच राहिल्या. दुरून आठवलेले, हवेहवेसे वाटणारे आणि अद्याप आपले नसलेले घर असे जे वर्णन पानापानांवर येते, त्यातली ओढ मला या माहितीनंतर अधिक समजली. निवेदकही त्या घराकडे तशाच डोळ्यांनी पाहते: आत असूनही बाहेरची.

वातावरणनिर्मितीबद्दल या कादंबरीचे कौतुक सगळेच करतात, पण ते नेमके कशाने साधले आहे ते पाहण्यासारखे आहे. मँडर्लीला पूर्वेची आणि पश्चिमेची अशा दोन बाजू आहेत. पश्चिमेच्या खोल्या समुद्रावर उघडतात आणि तिथे लाटांचा आवाज येतो. पूर्वेच्या खोल्या गुलाबाच्या बागेकडे आहेत आणि तिथे समुद्र ऐकू येत नाही. नव्या सुनेसाठी पूर्वेची बाजू नव्याने सजवून घेतलेली आहे. पश्चिमेची बंद आहे. एवढे एकदा डोक्यात बसले की पुढे कधीही लाटांचा आवाज पानावर आला, तर आपण कुठे येऊन पोचलो आहोत हे वाचकाला न सांगता कळते. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड-ब्रह्मपुरीच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमध्ये आहे. मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, काठी जुन्या मालगुजारांचा, म्हणजे गावच्या जमीनदारांचा, कवेलूंचा वाडा अजून उभा आहे. त्याच्या निम्म्या खोल्यांना कुलूप आहे, आणि लहानपणी आम्हा मुलांना राहत्या बाजूने जाताना काही वाटत नसे, पण बंद बाजूने जाताना पावले आपोआप भराभर पडत. घराच्या एकाच छपराखाली दोन प्रकारची शांतता असू शकते, हे द्यू मोरिए यांना पक्के ठाऊक होते.

नव्या सुनेची मँडर्लीतली पहिली सकाळ तर मी पुन्हा पुन्हा वाचली. ती वाचनाच्या खोलीत जाते तर तिथली शेगडी पेटवलेली नाही. थंडी वाजते म्हणून ती जेवणाच्या खोलीतून काड्यापेटी घ्यायला जाते, आणि नेमका तिथेच फ्रिथ हा म्हातारा मुख्य नोकर येतो. तो अत्यंत आदराने सांगतो की या खोलीतला विस्तव दुपारनंतर पेटवण्याची पद्धत आहे, कारण सकाळी मिसेस डी विंटर दुसऱ्या दिवाणखान्यात बसत असत. त्याने एक शब्दही उणा बोललेला नाही. तरी ती शरमेने अर्धी होते. आपल्याच घरात काड्यापेटी चोरताना सापडल्यासारखी ती दिसते. मग ती त्या सकाळच्या दिवाणखान्यात जाते. तिथल्या लिहायच्या टेबलाच्या प्रत्येक कप्प्यावर रेबेकाच्या अक्षरात चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. घरातला फोन वाजतो, पलीकडून कोणी तरी मिसेस डी विंटर आहेत का विचारते, आणि ही नवी मिसेस डी विंटर घाबरून सांगते की आपला काही तरी गैरसमज झाला आहे, त्या तर वर्षापूर्वीच वारल्या. बोलून गेल्यावर तिला कळते की विचारणा तिचीच होती. फोन डॅनव्हर्सबाईचा असतो. दिवसाची जेवणाची यादी पसंत आहे का, एवढेच तिला विचारायचे असते.

या प्रसंगात रक्त नाही, किंकाळी नाही. तरी संपूर्ण कादंबरीत मला याच्याइतके भयाण दुसरे काही वाटले नाही, कारण इथे ती मुलगी स्वतःच्या तोंडाने स्वतःला पुसून टाकते. त्यानंतर ती पत्र लिहायला बसते आणि आपले गिचमिड, अडखळते अक्षर पाहून आपण सामान्य शाळेतली सामान्य विद्यार्थिनी होतो हे तिला जाणवते. खेड्यातल्या शाळेतून शहरातल्या महाविद्यालयात गेलेल्या प्रत्येक मुलीला हे वाक्य टोचेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतले तिच्याकडे येते. आपल्याकडे बिजवराला दिलेल्या, दुसरेपणावर आलेल्या बायका काही कमी नव्हत्या. काही समाजांत अशा बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाची चांदीची छोटी पुतळी घालण्याची रीत होती. आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या गळ्यात ती मी पाहिलेली आहे. मणी झिजून काळे पडले होते, पण पुतळी लखलखत असे, कारण रोज आंघोळीच्या वेळी त्या ती बोटाने चोळून धुवत. हे काय, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “हे माही मोठी बहीण, बाई.” पितृपक्षातल्या अविधवा नवमीला त्यांच्या घरी तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालत, आणि तो स्वयंपाक त्या स्वतः करीत. मेलेल्या पहिलीला घरात जागा आहे, दिवस आहे, ताट आहे आणि तिचे नाव घेण्याची परवानगी आहे. त्या रीतीमागे भीती होतीच, दुसरीवर त्यातून होणारा अन्यायही होता; पण निदान दोघींची गाठ उघडपणे घालून दिलेली होती.

मँडर्लीत नेमके हेच नाही. नवरा पहिलीचे नाव काढत नाही. नणंद बिअ‍ॅट्रिस मोकळी बोलते, पण तीही मध्येच थांबते. नोकर ‘मिसेस डी विंटर’ म्हणतात आणि कोणती ते ऐकणारीने समजून घ्यायचे. ज्या बाईला कोणी दिवस दिला नाही, ताट वाढले नाही, ती मग घरभर सांडते: रेनकोटच्या खिशात राहिलेल्या रुमालात, त्या रुमालाच्या विरत आलेल्या वासात, भेट दिलेल्या कवितांच्या पुस्तकावरील तिरप्या सहीत. पूजा चालते ती एकाच ठिकाणी, बंद पश्चिमेच्या बाजूला. तिथे डॅनव्हर्सबाईने रेबेकाची निजण्याची खोली जशीच्या तशी राखली आहे. केसांचे ब्रश, रात्रीचा पोशाख, फुले, सगळे जागेवर. ती खोली ज्या प्रकरणात उघडते ते मी वाचले तेव्हा रोवणी आटोपलेली होती, दोन दिवसांची झड लागलेली होती आणि वीज गेलेली होती. पण ऊन असते तरी काही फरक पडला नसता. डॅनव्हर्सबाई त्या नव्या सुनेला रेबेकाच्या एकेका वस्तूला हात लावायला लावते, तेव्हा ती दुष्ट आहे एवढे म्हणून भागत नाही. तिच्या दुःखाला या घरात दुसरी वाटच ठेवलेली नाही. तिची भीतीही वाटते आणि कीवही येते, आणि हे दोन्ही एकाच वेळी वाटायला लावणे हे मोठ्या लेखिकेचेच काम आहे.

रेबेकाचे छायाचित्र, तसबीर असे काहीही लेखिका आपल्याला दाखवत नाही, हेही नमूद करायला हवे. प्रत्येक माणूस तिच्याबद्दल एकेक तुकडा सांगतो: ती सुंदर होती, ती हुशार होती, तिला घोडा आवरता येई, तिला नाव हाकता येई. या तुकड्यांवरून निवेदक मनातल्या मनात एक बाई उभी करते आणि मग तिलाच भिते. आपण ऐकलेल्या कौतुकांतून दुसऱ्या बाईची मूर्ती घडवणे आणि तिच्यासमोर स्वतःला रोज कमी लेखणे, हा छळ करायला कोणी लागत नाही. म्हणूनच नोकरांमध्ये क्लॅरिस नावाची जी गावातली साधी मुलगी निवेदकाच्या वाट्याला येते, तिचे मला फार बरे वाटले. मोठ्या घराची सवय नसल्यामुळे तिला नव्या मालकिणीचे काही उणे दिसतच नाही.

पुढचा भाग रहस्याचा आहे, आणि त्याबद्दल मी जपून लिहिते. घरात एक वेशभूषेचा समारंभ ठरतो, त्या रात्री काही तरी घडते, दुसऱ्या दिवशी दाट धुके उतरते, आणि त्या धुक्यातून जे बाहेर येते त्याने आधीच्या सगळ्या पानांचा अर्थ उलटा होतो. धुक्याचे ते प्रकरण या पुस्तकाचा कळस आहे. हवामान, घर आणि माणसाचे मन अशा तिन्ही गोष्टी एकाच खिडकीपाशी येऊन थांबतात, आणि वाचताना माझा श्वास खरोखर अडकला. त्यानंतर मात्र कादंबरीची चाल बदलते. चौकशी, जबाब, तारखा, कोण कोठे होते, यांचा क्रम सुरू होतो. रहस्यकथेच्या वाचकाला हाच भाग अधिक आवडेल. मला तो कसबाने बांधलेला वाटला, पण पहिल्या भागातील गुदमर त्यात विरळ होते, आणि शेवटाकडे एका माहितीवर सगळे इतके अवलंबून ठेवले आहे की योगायोगाचा हात दिसतो.

एका गोष्टीने मला अस्वस्थ केले, आणि ती मी दोष म्हणूनच सांगेन. चौकशीच्या काळात तिथला मॅजिस्ट्रेट हा जमीनदाराच्या पंगतीला बसणारा माणूस आहे, आणि कायद्याचे पारडे कुठे झुकणार ते वाचकाला आधीच दिसते. लेखिकेने हे दाखवले आहे, पण त्याचा जाब विचारलेला नाही. उलट आपल्या मनाची सहानुभूती ती फार सफाईने एका बाजूला ओढून नेते. समुद्रकाठी फिरणाऱ्या बेन या मंदबुद्धीच्या माणसाकडे आणि नोकरांकडे ही कादंबरी बहुतेक वेळा वरूनच पाहते. आमच्या भागात मालगुजारी 1951 साली कायद्याने संपली. तिच्या काळात वाड्यातल्या गोष्टी वाड्याच्या भिंतीबाहेर कशा जात नसत, हे सांगणारी माणसे मी ऐकलेली आहेत. त्यामुळे मॅक्सिमकडे केवळ दुःखी, देखणा विधुर म्हणून मला पाहता आले नाही. तो बायकोला लहान मुलीसारखे वागवतो, तिच्यापासून जे सांगायला हवे तेच लपवतो, आणि तिच्या डोक्यावर जसा हात ठेवतो तसाच जॅस्पर या कुत्र्याच्याही. निवेदकालाही हे साम्य कळते, आणि तरीही ती त्याच्यावर जीव टाकते. एका क्षणी तिला जे ऐकून धक्का बसायला हवा, ते ऐकून तिला सुटल्यासारखे वाटते. तिथे मी पुस्तक खाली ठेवले. ते वाक्य लेखिकेने किती विचारपूर्वक लिहिले असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रेम माणसाला कोठवर नेते याचे इतके निर्दय चित्र मी क्वचितच वाचले आहे. पण जे ही कादंबरी निव्वळ प्रेमकथा म्हणून हातात घेतील, त्यांनी त्या पानावर घाई करू नये.

वाचण्याच्या दृष्टीने काही व्यावहारिक गोष्टी. मराठी माध्यमात शिकून पदवीपर्यंत इंग्रजी वाचलेल्या माणसाला ही भाषा झेपते. वाक्ये सरळ आहेत, निवेदन बोलल्यासारखे आहे. अडचण येते ती फुलांची, नावेच्या भागांची आणि चहाबरोबरच्या खाद्यपदार्थांची नावे येतात तिथे. त्यांचा अर्थ शोधत बसले नाही तरी चालते, फक्त रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली ऱ्होडोडेंड्रॉनची रक्तासारखी लाल झाडी मात्र एकदा चित्रात पाहून घ्यावी, म्हणजे मँडर्लीत शिरतानाची छाती दडपणे समजते. एकूण 27 प्रकरणे आहेत. मँडर्लीला पोचेपर्यंतचा भाग संथ आहे आणि निवेदकाला मनातल्या मनात लांबलचक प्रसंग रचण्याची सवय असल्यामुळे काहींना तो कंटाळवाणा वाटेल, पण तो गाळू नये. माँटे कार्लोमधले तिचे बुजरेपण जवळून पाहिलेले नसेल, तर काड्यापेटीचा प्रसंग निव्वळ गंमत वाटून जाईल. प्रस्तावना किंवा उत्तरलेख असलेली प्रत मिळाली तर तो मजकूर शेवटीच वाचावा, कारण अभ्यासक रहस्य राखत नाहीत.

चित्रपटांचेही तसेच. आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1940 साली यावर काढलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, पण त्या काळच्या हॉलिवूडच्या नियमावलीमुळे कथेतली एक कळीची गोष्ट त्यात बदलावी लागली, आणि त्यामुळे मघाशी सांगितलेल्या त्या अस्वस्थ पानाची धारच गेली. हिंदीत 1964 साली ‘कोहरा’ आला. बिरेन नाग यांचे दिग्दर्शन, वहिदा रहमान आणि बिश्वजीत यांच्या प्रमुख भूमिका, आणि डॅनव्हर्सबाईच्या जागी आपल्या ललिता पवार. आमच्याकडे जुन्या पिढीतल्या अनेकांना ‘कोहरा’ पाठ आहे, आणि त्यांनाही मी पुस्तक वाचायलाच सांगेन. पडद्यावर घर दिसते, धुके दिसते, ललिताबाईंची नजरही दिसते. पण स्वतःचे नाव नसलेल्या मुलीच्या डोक्यात बसून फोनची घंटा ऐकणे, हे पुस्तकातच होते.